घाटात हँडल डळमळतं? आधी दोनशे रुपयांचं काम करा

आटगावहून खर्डीमार्गे कसारा घाट गाठणाऱ्यांची तक्रार ठरलेली: चढावर पुढचं चाक भरकटतं, उतारावर हँडल थरथरतं. दुकानदार ऐकून घेतो आणि नवी सायकल दाखवतो. घाई करू नका.

हँडलच्या नळीची रेष जमिनीपर्यंत वाढवली, तर ती चाक टेकतं त्या जागेच्या थोडी पुढे पडते. या अंतराला ‘ट्रेल’ म्हणतात. मोजायला खर्च शून्य. सायकल सपाट जागी सरळ उभी करा, नळीला समांतर लांब काठी धरून जमिनीवर खूण करा, एक्सलवरून ओळंबा सोडा आणि दोन खुणांमधलं अंतर पट्टीने घ्या. रोड सायकलचं साधारण ५५ ते ६५ मिलिमीटर येतं, माउंटन सायकलचं बहुधा ८०च्या पुढे. ट्रेल जास्त असेल तर उतारावर सायकल शांत धावते. पण नळी फार तिरपी असेल, तर चढावर वेग मंदावताच हँडल आपसूक एका बाजूला कलंडतं. त्यात वजन मागच्या चाकावर गेलेलं असतं; कॅरियरला बोजा असेल तर विचारूच नका. कसारा-इगतपुरी रेल्वेला ३७ मीटरमागे एक मीटर चढ आहे, आणि तेवढ्यासाठी गाड्यांना मागून बँकर इंजिनं लावतात. रस्ता जागोजागी त्याहून उभा आहे.

आता पैशांचं. आकडे साध्या सायकलींचे आणि अंदाजाचे आहेत.

पुढचा ब्रेक दाबून सायकल मागे-पुढे हलवा. हँडलच्या मुळाशी ‘कट’ वाजलं, तर हेडसेट सैल आहे. छर्रे, ग्रीस आणि मजुरी मिळून १०० ते २५० रुपये. उतारावरच्या थरथरीचं निम्मं दुखणं इथेच निघतं. उरलेलं रिंगचा आऊट काढल्यावर, शंभराच्या आसपास. ब्रेकचे रबर झिजले असतील तर त्याच फेरीत बदला.

चढावर चाक भरकटत असेल, तर सामान पुढे घ्या आणि सीटच्या टोकाकडे सरकून बसा. तरीही जमलं नाही, तर थोडी लांब, खाली झुकलेली स्टेम घ्या. ५०० ते १,२०० रुपये.

एका गोष्टीवर मात्र पैसे घालवू नका: दीड-दोन हजारांचा शॉकर चिमटा. तो जुन्यापेक्षा २० मिलिमीटर उंच असला, तरी नळी जवळपास एक अंशाने मागे कलते. म्हणजे चढावरचं दुखणं वाढतं, वर किलोभर वजन.

नवीच घ्यायची, तर किन्हवली-सरळगावच्या रस्त्यालाही आणि घाटालाही ७१ ते ७२ अंशांचा हेड अँगल (हँडलच्या नळीचा जमिनीशी होणारा कोन) बरा. हायब्रीड साधारण १५ ते २५ हजारांत मिळते. चढ-उतारावर चालवून बघितल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नका.