अवकाशांतील लाटा

मांडवीच्या किनाऱ्यावर वाढणाऱ्या बालमित्रांस लाटा कांहीं नव्या नाहींत. परंतु पाण्यावांचूनही लाटा उठतात हें ऐकून त्यांस नवल वाटेल. प्रचंड वस्तुमानाचे गोल एकमेकांभोंवतीं वेगानें फिरूं लागले, म्हणजे खुद्द अवकाशच ताणलें व आक्रसलें जातें, असें आईन्स्टाइन यांनीं १९१६ सालीं गणितानें दाखविलें. याच गुरुत्वीय लहरी होत.

१४ सप्टेंबर २०१५ रोजीं अमेरिकेंतील दोन यंत्रांस अशी लहर प्रथम सांपडली. सुमारें १३० कोटी प्रकाशवर्षें दूर दोन कृष्णविवरें एक झालीं, त्या घटनेची ती वार्ता होती. ४ किलोमीटर लांबीच्या यंत्रभुजेंत तिनें घडविलेला फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या शंभराव्या भागाहूनही कमी होता!

इतकी क्षीण खूण कोलाहलांतून निवडावी कशी? समुद्राच्या गाजेंतही कोळी ओळखीच्या होडीचें इंजिन ओळखतो. कारण तो आवाज त्याच्या कानांत बसलेला असतो. तसाच अपेक्षित लहरीचा आकार अगोदर गणितानें काढावयाचा व तो नोंदींशीं ताडून पाहावयाचा. पुण्याच्या ‘आयुका’ संस्थेंतील प्रा. संजीव धुरंधर व बी. एस. सत्यप्रकाश यांनीं या पद्धतीविषयींचें महत्त्वाचें संशोधन १९९१ सालींच प्रसिद्ध केलें. फळ दिसण्यास चोवीस वर्षें लागलीं!

असेंच यंत्र हिंगोली जिल्ह्यांत औंढा नागनाथजवळ उभारण्यास केंद्र सरकारनें एप्रिल २०२३ मध्यें संमति दिली. लहर कोणत्या दिशेनें आली, हें त्यायोगें अधिक अचूक कळेल. तेथें काम करण्यास जीं माणसें लागतील, तीं आज शाळेच्या बांकांवरच बसलीं आहेत. म्हणून विद्यार्थ्यांनीं गणितास भिऊं नये, आणि पालकांनीं मुलांच्या ‘कां?’ या प्रश्नास कंटाळूं नये.