उन्हाळी रोपांची पुनर्लागवड : थंडी सरली हे ओळखावे कसे?

देशावरच्या बागायतदाराला माघाच्या सुमारास दरसाल एक निर्णय घ्यावाच लागतो, आणि तो वरवर दिसतो तितका किरकोळ नसतो. रोपवाटिकेच्या जाळीखाली, कोकोपीटाच्या ट्रेमध्ये वाढलेली टोमॅटो, मिरची, वांगी यांची कोवळी रोपे उघड्या रानात नेमकी केव्हा लावावीत, हा तो निर्णय होय. थंड देशांतल्या माळ्याला या प्रसंगी मुख्यतः शेवटच्या हिमाची धास्ती असते, व ते टळेपर्यंत थांबणे हेच त्याचे शहाणपण ठरते. परंतु नाशिक, अहिल्यानगर, पुणे या टापूतल्या शेतकऱ्याची कुचंबणा दुहेरी आहे, कारण त्याच्या मागे थंडी रेंगाळत असते आणि पुढे चैत्र-वैशाखाचे ऊन दबा धरून बसलेले असते, व या दोहोंमध्ये जी काही आठवड्यांची मुदत हाती लागते, तीतच रोपाने मूळ धरून, वाढून, फुलावर आले पाहिजे.

या मुदतीचा आरंभ पंचांगावरून ठरवण्याची जुनी वहिवाट आहे. संक्रांत सूर्याच्या गणनेने येते, म्हणून तिची तारीख बहुधा ढळत नाही. मात्र तिच्यानंतरही थंडी पुरती शिल्लक असते. शिवरात्रीस थंडी शिवनाम घेत निघून जाते, ही समजूत मोठी गोड आहे. परंतु शिवरात्र 2024 साली 8 मार्चला आली आणि 2026 साली 15 फेब्रुवारीला, तेव्हा जिच्यात तीन आठवड्यांचे अंतर पडते अशा तिथीच्या हवाली आपली रोपे करणे मला तरी पसंत नाही. फेब्रुवारी 2008 च्या पूर्वार्धात समुद्रकाठच्या मुंबईतदेखील पारा 10 अंशांखाली उतरला होता. गोदाकाठच्या निफाडाकडे, जिथे थंडी नेहमीच अधिक, त्या दिवसांत रोपांवर काय प्रसंग गुदरला असेल हे वेगळे सांगावयास नको.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. दव गोठले नाही म्हणजे रोप वाचले, असे पुष्कळजण मानतात. टोमॅटो, मिरची आणि काकडी-कलिंगडासारखी वेलवर्गीय पिके ही मूळची उष्ण प्रदेशांतली असल्यामुळे हिमबिंदूच्या कितीतरी वर, म्हणजे 10 अंशांच्या आसपासच, त्यांना इजा होऊ लागते. आणि हवेपेक्षाही अधिक अपाय गार जमीन करते, कारण तीत मुळांची वाढ थबकते व स्फुरद उचलला जात नाही. पानांची खालची बाजू जांभळट होते ती बहुधा यामुळेच. अशा वेळी स्फुरदाचे खत आणून ओतणाऱ्या शेतकऱ्याचा खर्च व्यर्थ जातो. त्या रोपास खताची नव्हे, उबेची उणीव असते.

म्हणून तारखेपेक्षा जमिनीचीच साक्ष काढावी. जमिनीत खुपसण्याचा साधा तापमापक फार महाग नसतो. तो चार बोटे खोल रोवून सकाळी सातच्या सुमारास लागोपाठ चार-पाच दिवस पाहावा. टोमॅटोला निदान 15 अंश, मिरची व वेलवर्गीय पिकांना 18 अंश मिळू लागले, म्हणजे जमिनीची संमती आली असे समजावे. एकाच गावात ही संमती निरनिराळ्या दिवशी येते: माळाची हलकी, मुरमाड जमीन लवकर तापते, तर ओल धरून बसणारी भारी काळी जमीन मागे राहते, आणि थंड हवा जड असल्याने रात्री नदीकाठच्या खोलगट रानात उतरून साचते. शेजाऱ्याने लागण उरकली, एवढ्यावरून आपण घाई करू नये, हे सांगण्याचे कारण हेच.

सर्वांत मोठी फसवणूक मात्र आभाळ करते. जानेवारीच्या अखेरीस उत्तर भारतावरून एखादा पश्चिमी विक्षोभ सरकू लागला की आपल्याकडे ढग येतात, रात्री उबदार होतात, आणि थंडी गेली असे वाटून माणूस मजूर बोलावतो. पुढे दोन-तीन दिवसांत आभाळ निवळते, उत्तरेचे कोरडे वारे सुटतात व पहाटेचा पारा धाडकन खाली येतो. ढगाळ हवेतली ऊब हा पुरावा नव्हे. निरभ्र रात्रीनंतरची पहाट सोसवण्याजोगी असेल, तोच खरा पुरावा. हवामान खाते व कृषी विद्यापीठे यांचा कृषी हवामान सल्ला दर मंगळवारी व शुक्रवारी निघतो आणि त्यात पुढील पाच दिवसांचे किमान तापमान दिलेले असते, ते पाहिल्याविना ट्रे उचलू नये. लागण झाल्यावरच थंडी उलटली, तर संध्याकाळी विहिरीचे हलके पाणी द्यावे, कारण ते कोमट असते व ओली जमीन दिवसाची ऊब रात्री परत करते; विजेची पाळी त्याच वेळी येईल, याची हमी अर्थात कोणी देत नाही.

रोपांची तयारी आठवडाभर आधी सुरू व्हावी. पाणी व नत्र कमी करावे, शेडनेट प्रथम सकाळ-संध्याकाळ व मग दिवसभर काढावे, म्हणजे रोप कणखर होते. पांढरी माशी व फुलकिडे यांच्यासाठी असलेली बारीक छिद्रांची जाळी मात्र शेवटपर्यंत ठेवावी, नाहीतर चुरडा-मुरडा रोपवाटिकेतूनच रानात जातो. लागण वाफशावर, ऊन कलल्यावर करावी. ट्रेमध्ये मुळ्यांचे वेटोळे झालेले जून रोप थंडी टळल्यानंतरही नीट उठत नाही. म्हणून टोमॅटोचे रोप 25-30 दिवसांचे, थंडीत फार तर थोडे अधिक, असावे, आणि बी टाकण्याचा दिवसच त्या हिशेबाने धरावा.

आता उन्हाविषयी. लागणीनंतर सुमारे महिन्याने टोमॅटो फुलावर येतो, आणि दिवसाचे तापमान 35 अंशांपलीकडे राहू लागले की परागकण निकामी होऊन फुले गळतात. मार्चमध्ये लावलेले रोप एप्रिलात नेमके याच संकटात सापडते. विदर्भात तर ऊन त्याहून लवकर चढते. तेव्हा नाशिक-अहिल्यानगरच्या टापूत टोमॅटोची लागण जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत, वरील कसोट्या पाहून, उरकावी. मिरचीस आठ-दहा दिवस अधिक थांबावे. आणि जमिनीने किंवा हवेने फेब्रुवारीअखेरपर्यंत साथ दिली नाही, तर टोमॅटोचा हट्ट सोडून त्या रानात ऊन सोसणारी भेंडी अथवा गवार पेरावी.