तीन मिनिटांची नदी

प्रश्न : गेली चार वर्षं मी संगणकावर डावपेचांचे युद्धखेळ खेळतो आहे. ‘कॉम्बॅट मिशन’ सगळ्यांत आवडता. त्यात स्वतःचे सिनारिओ तयार करता येतात, पण मी केलेले दोन्ही मित्रांना कंटाळवाणे वाटले. आता इटलीतल्या सेनियो नदीवरची लढाई करायची आहे, जिथे नामदेव जाधव यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माझे पणजोबाही मराठा पलटणीत होते. जाधवांनी एकट्याने जे केलं, ते खेळात कसं घडवून आणू?
— एक वाचक, कराड

उत्तर : ते घडवून आणायच्या मागे लागू नका. तुमचा सिनारिओ फसला तर याच एका इच्छेपायी फसेल, म्हणून आधीच सांगतो. विषय मात्र फार चांगला निवडलात. ही लढाई या खेळासाठी किती योग्य आहे, ते जाधवांच्या व्हिक्टोरिया क्रॉसचं प्रशस्तिपत्र नीट वाचलं की कळतं.

9 एप्रिल 1945ची संध्याकाळ. 5व्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या पलटणीसमोर सेनियो होती. पात्र जेमतेम 15 फुटांचं, आपल्याकडचा एखादा ओढाच म्हणा. पण दोन्ही काठांवर 30 ते 35 फूट उंचीचे उभे बांध, त्या बांधांच्या पोटात जर्मनांनी खणलेली ठाणी, आणि पूर्वेच्या बांधाच्या आतल्या, नदीकडच्या अंगाला सुरुंगांचा पट्टा. बेत असा होता, की एका कंपनीने अलीकडचा, म्हणजे पूर्वेचा बांध घ्यायचा आणि तीन मिनिटांनी दुसऱ्या कंपनीने नदी ओलांडून पश्चिमेचा.

दुसरी कंपनी निघाली. जाधव कंपनीचे रनर, म्हणजे निरोप नेणारे शिपाई, कमांडरच्या सोबत आघाडीच्या तुकडीमागे होते. पाण्यातून पलीकडे निघताना त्यांच्यावर गोळीबार झाला तो पाठीमागून. पूर्वेच्या बांधाचा माथा आपल्या हातात होता, पण त्याच बांधाच्या आतल्या, नदीकडच्या उतारावर किमान तीन जर्मन ठाणी जिवंत राहिली होती. कमांडर आणि आणखी दोघं जखमी झाले, जाधव सोडून त्या घोळक्यातले बाकीचे सगळे मारले गेले. पुढे जाधवांनी दोन जखमींना एकेक करून पाण्यातून, सुरुंगांतून, बांध चढून सुरक्षित जागी नेलं, परत येऊन तिन्ही ठाणी संपवली आणि बांधावर उघड्यावर उभं राहून, मराठ्यांची रणगर्जना करत उरलेल्यांना पुढे बोलावलं.

आता यात खेळणाऱ्याला काय करायला मिळणार, ते शोधा. जाधवांचा पराक्रम खेळणाऱ्याच्या हातात नाही. त्याच्या हातात येऊ शकतात ती तीन मिनिटं. माथा घेतल्यावर दुसरी कंपनी ठरल्या वेळी सोडायची, की आतला उतार साफ होईपर्यंत थांबवायची? सोडली तर पाठीवर मशीनगन असण्याचा धोका. थांबवली तर पलीकडच्या बांधावरचे जर्मन हल्ल्याआधीच्या तोफांच्या माऱ्यातून सावरणार. दोन्ही वाटांवर माणसं मरतात आणि कुठल्या वाटेवर कमी मरतील, हे आधी कुणालाच ठाऊक नाही. सिनारिओ म्हणतात तो हा. नकाशा, पलटणी, तोफा ही सगळी त्या एका निर्णयाभोवतीची मांडणी. तुमचे आधीचे दोन मी पाहिलेले नाहीत, पण कंटाळवाण्या सिनारिओत बहुतेक वेळा हेच नसतं. माणसं भरपूर, रणगाडे भरपूर, ठरवायचं मात्र काहीच नाही.

‘कॉम्बॅट मिशन’ इथे तुम्हाला मोठी साथ देतो. 2000 साली आलेल्या पहिल्या खेळापासून त्याची पद्धत अशी, की दोन्ही बाजूंनी आज्ञा द्यायच्या आणि मग साठ सेकंद काहीही हातात नसताना बघत राहायचं. 1995च्या ‘स्टील पँथर्स’मध्ये आधी एकाची पाळी, मग दुसऱ्याची, त्यामुळे शांतपणे एकेक मोहरा हलवता येतो. साठ सेकंदांच्या पाळीत तसं चालत नाही. सेनियोची तीन मिनिटं म्हणजे बरोबर तीन पाळ्या. कंपनी पाण्यात उतरवली आणि दहाव्या सेकंदाला मागून मशीनगन सुरू झाली, तरी उरलेले पन्नास सेकंद तुम्हाला तिथून ओरडूनही काही सांगता येत नाही. पलटणीच्या कमांडरचीही हीच अवस्था असते, म्हणून मला ही पद्धत मनापासून आवडते.

दुसऱ्या कंपनीबाबत एक मोह आवरा. तिसऱ्या मिनिटाला ती कुमक म्हणून आपोआप नकाशावर यावी, असं तुम्हाला वाटेल, कारण इतिहासात तसंच झालं. तसं केलंत, तर निर्णय तुम्ही घेतला आणि खेळणाऱ्याने फक्त पाहिला. ती पहिल्या मिनिटापासून बांधामागे बसलेली असू द्या. कुमकेची सोय वापरायची ती जर्मनांसाठी. पश्चिमेच्या बांधावर सुरुवातीला थोडीच माणसं ठेवा, त्यांचं संख्याबळही एडिटरमध्ये कमी करा, आणि बाकीची माणसं पाचव्या-सातव्या मिनिटापुढे, वेळ थोडी मागेपुढे होईल अशा बेताने येऊ द्या. तोफांच्या माऱ्यातून सावरून खंदकातून बाहेर पडणारे सैनिक असं त्यांच्याकडे बघायचं. थांबण्याची किंमत आता खेळातच वसूल होऊ लागली, मजकुरात लिहून बजावायची गरज उरली नाही.

नकाशावर दोन संध्याकाळी खर्च झाल्या तरी चालतील. या मालिकेच्या नव्या पिढीत, 2007नंतरच्या खेळांत, नकाशाचा चौकोन 8 मीटरचा असतो आणि 15 फुटांची नदी साडेचार मीटरची. म्हणजे तुमची नदी एका चौकोनाहूनही अरुंद! ती एकाच चौकोनाची ठेवा, पायदळाला उतरून जाता येईल असं पाणी घ्या, आणि सगळी मेहनत उंचीवर घाला. बांधाचा माथा, बाहेरचा उतार आणि आतला उतार या तीन जागांवरून काय दिसतं, ते प्रत्येक ठाण्यावर कॅमेरा नेऊन तपासा. माथ्यावर उभ्या असलेल्या आपल्या सैनिकाला पायाखालच्या उतारावरचा जर्मन दिसता कामा नये. तो दिसला, तर सेनियो बुडाली असं समजा. नकाशाच्या कडेबाबतही सावध राहा. माझ्या पहिल्या सिनारिओत मी पूल मधोमध ठेवला होता आणि मावसभाऊ सगळं पायदळ कडेकडेने सरकवत घेऊन गेला, कारण कडेपलीकडून गोळी येऊच शकत नाही. दहा मिनिटांत खेळ संपला. तुमच्या बांधाची दोन्ही टोकं जर्मन ठाण्यांनी आणि सुरुंगांनी बंद करा.

जर्मनांची बाजू संगणकाकडेच द्या. त्याला चढाई चांगली जमत नाही, बचाव बऱ्यापैकी जमतो. नव्या पिढीत तो स्वतः योजना आखत नाही. कुठली तुकडी कुठे मांडायची, केव्हा हलवायची, हे सगळं तुम्हाला आधी लिहून ठेवावं लागतं. पण पाचपर्यंत वेगवेगळे बेत लिहिता येतात आणि खेळ त्यातला एक स्वतः निवडतो. तुमचा सिनारिओ जगतो किंवा मरतो तो इथे. एका बेतात आतल्या उतारावर तीन ठाणी, दुसऱ्यात एकच, तिसऱ्यात एकही नाही आणि सगळी ताकद पलीकडे. दुसऱ्यांदा खेळणाऱ्यालाही मग त्या तीन मिनिटांत घाम फुटतो. पश्चातबुद्धी हा ऐतिहासिक सिनारिओचा सगळ्यांत मोठा शत्रू आहे. 1824 साली प्रशियाचा लेफ्टनंट फॉन राइसविट्झ नकाशावरचा युद्धखेळ घेऊन आला, तेव्हा त्यात दोन खेळाडूंमध्ये पंच होता आणि आपल्या बाजूला खरोखर जेवढं कळलं असतं तेवढंच तो प्रत्येकाला सांगे. तुमच्याकडे पंच नाही. त्याचं काम हे पाच बेत करतील.

गुणांमध्ये पश्चिमेच्या बांधाला मोठा वाटा ठेवा, पण आपल्या जीवितहानीलाही जवळजवळ तेवढाच. नाहीतर खेळणारा दोन्ही कंपन्या पाण्यात लोटेल. पडद्यावरची माणसं मरणाला भीत नाहीत, म्हणून ती भीती हिशेबात घालावी लागते.

तुमच्या खेळात मराठा पलटण नसेल, तर ब्रिटिश पायदळाची कंपनी घ्या. रचनेत फारसा फरक पडणार नाही.

राहिले जाधव. एडिटरमध्ये कंपनीच्या मुख्यालयाची तुकडी निवडून तिचं मनोबल अगदी वरच्या टोकाला, ‘फनॅटिक’वर नेता येतं. हात शिवशिवतील, पण करू नका. त्या संध्याकाळी जाधवांच्या अंगावर कुठली खूण नव्हती. निरोप नेणारा एक शिपाई, बाकीच्यांसारखाच. त्यांना वेगळं मनोबल दिलंत, तर खेळणाऱ्याला पहिल्या मिनिटालाच कळेल की हुकमाचा पत्ता कुठे आहे, आणि तो त्यांना मुद्दाम मशीनगनसमोर पाठवेल. त्या माणसाबद्दल आदर असेल, तर हे आपल्या हातून होऊ नये. मुख्यालयाची तुकडी इतरांसारखीच ठेवा. दहा-पंधरा वेळा खेळल्यावर एखाद्या वेळी तिच्यातला एकटा उरलेला शिपाई पळून न जाता बांधाच्या उतारावर चिकटून राहील, ग्रेनेड टाकेल, आणि तुम्ही खुर्चीच्या कडेवर याल. बहुतेक वेळा मात्र तो मरेल. जाधव जे करून परतले ते किती अशक्यप्राय होतं, हे त्या बहुतेक वेळाच सांगतील.

चाचणीसाठी ज्याने ही हकिकत वाचलेली नाही असा मित्र गाठा. तो खेळत असताना शेजारी बसा, पण तोंड उघडू नका. तिसऱ्या मिनिटाला त्याचा हात माउसवर किती वेळ थांबतो, एवढंच बघा. थांबलाच नाही, तर पलीकडच्या जर्मनांच्या वेळा बदला आणि पुन्हा बसवा. जाधवांचं नाव सुरुवातीच्या माहितीत घालू नका. त्यांची हकिकत वेगळ्या पानावर लिहून ठेवा आणि खेळ संपला की मित्राच्या हातात द्या. तुमच्या पणजोबांचा फोटो घरात असेल, तर त्या पानावर तोही लावा.