मेंदूचा नकाशा कोणाचा?

मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात मेंदूची एक आकृती असते. परीक्षेसाठी आपण ती काढतो, भागांना नावे देतो, गुण मिळवितो आणि विसरतो. परंतु हाताची हालचाल मेंदूच्या या पट्ट्यातून होते आणि ओठांची त्या पट्ट्यातून, हे कोणी व कसे पाहिले असेल? हा प्रश्न मला पडला आणि वाचता वाचता मी कॅनडातील मॉन्ट्रियल शहराच्या एका संस्थेपाशी येऊन थांबले. त्या संस्थेत घडलेल्या काही घटनांची ओळख करून देणे हा या लेखाचा हेतू आहे.

संस्थेचे नाव मॉन्ट्रियल न्यूरॉलॉजिकल इन्स्टिट्यूट. मॅकगिल विद्यापीठाशी संलग्न असलेली ही संस्था १९३४ साली सुरू झाली. तिचे संस्थापक डॉ. वाइल्डर पेनफिल्ड (१८९१–१९७६) हे जन्माने अमेरिकन. १९२८ साली ते मॉन्ट्रियलला आले आणि त्याच वर्षी एक कठीण प्रसंग त्यांच्यावर आला. त्यांची सख्खी बहीण रूथ हिच्या मेंदूत गाठ निघाली व तिची शस्त्रक्रिया त्यांनी स्वतः केली. गाठ पूर्ण काढता आली नाही आणि पुढे काही वर्षांतच ती वारली. मेंदूचे रोगी, त्यांच्यावर उपचार करणारे डॉक्टर व प्रयोगशाळेतील संशोधक एकाच छपराखाली असावेत, हा पेनफिल्ड यांचा ध्यास होता. रॉकफेलर प्रतिष्ठानच्या देणगीमुळे तो प्रत्यक्षात आला. खाली रुग्णालय आणि शेजारी प्रयोगशाळा, ही त्या काळी नवी गोष्ट होती.

पेनफिल्ड यांच्याकडे येणारे पुष्कळसे रुग्ण अपस्माराचे असत. अपस्मार म्हणजेच आपण ज्याला फेफरे, मिरगी किंवा ‘फिट येणे’ म्हणतो तो विकार. मेंदूतील पेशी एकमेकींशी सूक्ष्म विद्युत्‌संदेशांनी बोलत असतात. काही वेळा पेशींचा एखादा समूह एकदम, बेतालपणे विद्युत् सोडू लागतो आणि माणसाला झटका येतो. औषधाने झटके थांबत नसतील, तर बिघडलेला तेवढा भाग काढून टाकणे हा एक उपाय असतो. पण काढताना बोलण्याचा किंवा हात हलविण्याचा भाग कापला गेला तर?

यासाठी पेनफिल्ड रुग्णाला जागा ठेवूनच शस्त्रक्रिया करीत. ऐकताना अंगावर काटा येतो, परंतु मेंदूला स्वतःला वेदना होत नाही. वेदना होते ती डोक्याच्या कातडीला व मेंदूवरील आवरणाला. तेवढ्यापुरती जागा बधिर करून कवटी उघडली जाई. मग डॉक्टर मेंदूच्या पृष्ठभागाला एका तारेने अगदी सौम्य विद्युत्‌प्रवाहाचा स्पर्श करीत आणि रुग्णाला काय वाटले ते विचारीत. कोणी म्हणे, अंगठ्याला मुंग्या आल्या. कोणाचा ओठ हले. कोणाला बोलायचे असून शब्द सुचत नसे. ज्या जागी असे काही घडे, तेथे आकडा लिहिलेली कागदाची बारीक चिठ्ठी ठेवली जाई. अशा चिठ्ठ्या जोडत जोडत नकाशा तयार झाला. १९३७ साली पेनफिल्ड व त्यांचे सहकारी बोल्ड्रे यांनी तो प्रसिद्ध केला. त्यात एक नवल होते. पाठीएवढ्या मोठ्या अवयवाला मेंदूत चिमूटभर जागा, आणि ओठ, जीभ व हाताची बोटे यांना मात्र ऐसपैस जागा! मेंदू अवयवाचा आकार पाहत नाही, त्या अवयवाचे काम किती नाजूक आहे ते पाहतो.

म्हणजे आपल्या पुस्तकातील ती आकृती केवळ डॉक्टरांनी काढलेली नाही. टेबलावर जागे राहून, भीती गिळून, ‘आता अंगठा’, ‘आता जीभ’ असे सांगणाऱ्या रुग्णांनी ती सांगितली आहे.

याच संस्थेतील दुसरे नाव ब्रेंडा मिल्नर यांचे. मँचेस्टर येथे १९१८ साली जन्मलेल्या या मानसशास्त्रज्ञ बाई १९५० च्या सुमारास पेनफिल्ड यांच्या रुग्णांचा अभ्यास करू लागल्या. त्यांचे सर्वांत गाजलेले संशोधन मात्र मॉन्ट्रियलच्या रुग्णावर नव्हते. अमेरिकेतील हार्टफर्ड येथे १९५३ साली डॉ. स्कोव्हिल यांनी हेन्री मोलेसन या सत्तावीस वर्षांच्या तरुणावर अपस्मारासाठी शस्त्रक्रिया केली होती. मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पस नावाचा भाग बराचसा काढला गेला. झटके कमी झाले, पण हेन्रीची नवी आठवण साठविण्याची शक्तीच गेली. बुद्धी शाबूत, बोलणे नीट, बालपण आठवे. परंतु समोरचा माणूस खोलीबाहेर जाऊन परत आला की तो पुन्हा अनोळखी.

मिल्नरबाई मॉन्ट्रियलहून त्याला तपासायला जात. त्यांनी त्याला एक काम दिले. कागदावर दुहेरी रेषेचा तारा होता. हाताकडे न पाहता, आरशात पाहून त्या दोन रेषांमधून पेन्सिल फिरवायची. आपणही हे करून पाहावे, पहिल्यांदा हात भलतीकडेच जातो. हेन्री तीन दिवसांत हे काम सफाईने करू लागला. मात्र आपण हे पूर्वी कधी केले आहे, हे त्याला प्रत्येक वेळी नवेच होते! यावरून कळले की स्मृती ही एकच एक पेटी नाही. घडलेला प्रसंग आठवणे वेगळे आणि हाताला वळण लागणे वेगळे. मेंदूत त्यांच्या वाटाही वेगळ्या. हेन्रीच्या हरवलेल्या स्मृतीविषयीचा स्कोव्हिल व मिल्नर यांचा निबंध १९५७ साली प्रसिद्ध झाला. हेन्री २००८ साली वारला. तोपर्यंत जगातील विद्यार्थी त्याला फक्त ‘एच. एम.’ या दोन अक्षरांनी ओळखत होते.

आता आपल्याकडे वळू. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. आमच्या आळीत एक मुलगी आहे, माझ्याहून दोन वर्षांनी लहान. तिला फिट येते. फिट आली की कोणी तिच्या नाकाला कांदा लावतो, कोणी चप्पल हुंगवतो, कोणी हातात किल्ल्या कोंबतो. ‘बाहेरचं आहे’ म्हणून दोन देवस्थानेही झाली. नववीत तिची शाळा सुटली. तिच्या आईला आज एकच चिंता आहे, हे सोयरिकीच्या वेळी लपवायचे कसे. ही चिंता अगदीच निराधार नव्हती. हिंदू विवाह कायद्यात १९७६ च्या दुरुस्तीने वारंवार येणारे अपस्माराचे झटके वेडेपणाच्या पंक्तीला बसवून विवाहाच्या आड आणले होते. ‘अपस्मार’ हा शब्द त्या कलमातून १९९९ साली वगळला गेला. कायद्यातून शब्द गेला, आळीतून गेलेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे पाच कोटी लोकांना अपस्मार आहे आणि योग्य निदान व औषधोपचार मिळाल्यास त्यांपैकी शेकडा सत्तरपर्यंत लोक झटक्यांविना जगू शकतात.

ज्ञान आहे, पण ते पोहोचत नाही. याचे एक कारण मला हा लेख लिहिताना कळले. एक जुना शोधनिबंध वाचावा म्हणून इंटरनेटवर उघडू गेले, तर त्याची किंमत डॉलरमध्ये समोर आली. आमच्या घरच्या महिन्याच्या किराण्याहून ती फार कमी नव्हती. ज्या रुग्णाने डोके उघडून दिले, त्याच्याच जातकुळीच्या रुग्णाला त्यातून काय निघाले ते वाचायला मिळू नये?

म्हणूनच या संस्थेतील अलीकडच्या दोन घटना मला महत्त्वाच्या वाटतात. २०१३ साली तेथील संशोधकांनी जर्मनीतील युलिश येथील शास्त्रज्ञांसह एका मृत स्त्रीच्या मेंदूचा संपूर्ण त्रिमितीय नकाशा प्रसिद्ध केला. पासष्ट वर्षांच्या त्या स्त्रीच्या मेंदूचे ७,४०४ काप घेण्यात आले होते. एकेक काप वीस मायक्रॉन, म्हणजे केसाहूनही पातळ. हा नकाशा जगातील संशोधकांना विनामूल्य खुला करण्यात आला. दुसरी घटना २०१६ सालची. संस्थेने जाहीर केले की आपले निष्कर्ष व माहिती सर्वांसाठी खुली ठेवू आणि आपल्या शोधांवर पेटंट घेणार नाही. रुग्णांचे नमुने व माहिती त्यांच्या संमतीने आणि त्यांची ओळख गुप्त ठेवूनच वापरायची, असेही ठरले. एका दानशूर कुटुंबाने यासाठी दोन कोटी कॅनेडियन डॉलर दिले. पेटंट नाही तर पैसा कोठून येणार, अशी शंका कोणी घेईल, आणि ती रास्तही आहे. परंतु मेंदूचा नकाशा रुग्णांच्या तोंडून तयार झाला असेल, तर तो कुलूपबंद ठेवण्याचा अधिकार कोणाला पोहोचतो, या प्रश्नाचेही उत्तर द्यावे लागेल.

मॉन्ट्रियलने दार उघडले, तरी त्या दारातून मराठीत काही आणायचे तर ते आपल्यालाच आणावे लागेल. राष्ट्रीय सेवा योजनेच्या येत्या शिबिरात आपण गावाच्या चावडीवर एक फलक रंगवावा, अशी माझी सूचना आहे. मजकूर एवढाच: फिट आलेल्या माणसाला कुशीवर वळवा. गळ्याजवळचे कपडे सैल करा. तोंडात काही घालू नका, दाबून धरू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका. घड्याळ पाहा, पाच मिनिटांत झटका थांबला नाही तर दवाखान्यात न्या. फिट हा मेंदूचा आजार आहे व त्यावर औषध आहे.

रंग आणि कुंचले शिबिराच्या सामानात असतातच. अक्षर चांगले असणाऱ्यांनी पुढे यावे.