इंजीन बदललेली जुनी जीप : तपासणीचा एक अभ्यास

घनसावंगी, तीर्थपुरी, कुंभार पिंपळगाव या पट्ट्यात ज्या घरी चारचाकी प्रथमच येते, त्या घरी ती बहुधा जुनीच येते. कापसाचे वा उसाचे पैसे हाती येतात, थोडी उसनवारी होते आणि बाजारहाट, दवाखाना, शेतमालाची ने-आण यांसाठी एखादी जुनी जीप पाहिली जाते. पुष्कळदा तिच्या बॉनेटखाली मूळचे इंजीन नसते. विकणारा ही गोष्ट लपवीत नाही. उलट ‘इंजीन नवं टाकलंय, दादा’ असे कौतुकानेच सांगतो. अशा वेळी घरातील शिकलेल्या मुलाला किंवा मुलीला हाक मारून आर.सी. बुक वाचायला दिले जाते. विद्यार्थी मित्रहो, ही हाक तुम्हांपैकी अनेकांना येणार आहे. म्हणून हा विषय येथे निवडला आहे.

या बदलाला इतिहास आहे. महिंद्र कंपनीने विलीज जीपच्या परवान्यावर आपल्याकडे ज्या जीपगाड्या बांधल्या, त्यांतील सीजे-३बी या गाडीत ‘हरिकेन’ नावाचे चार सिलिंडरांचे, सुमारे २२०० घनसेंटिमीटरचे पेट्रोल इंजीन असे. पेट्रोल महागले तसे मालक डिझेलकडे वळले. कंपनीनेही पुढे डिझेल जीप काढल्या. त्यांपैकी काहींत ट्रॅक्टरच्या घराण्यातील एमडी-२३५० हे इंजीन होते, तर एमएम-५४० मध्ये फ्रान्सच्या प्यूजो कंपनीच्या रचनेचे २११२ घनसेंटिमीटरचे इंजीन होते. भंगारात निघालेल्या गाड्यांमधून अशी इंजिने सुटी मिळू लागली आणि गावोगावच्या मिस्त्रींनी ती जुन्या पेट्रोल जीपमध्ये बसवली. या कारागिरीला मी कमी लेखत नाही. लेथ आणि वेल्डिंग यांच्या बळावर केलेली काही कामे वीस-वीस वर्षे टिकलेली आहेत.

प्रश्न इंजिनाचा कमी आणि त्याच्या शेजाऱ्यांचा अधिक असतो. अमेरिकेत १९६४ साली पाँटियाक कंपनीने मध्यम आकाराच्या गाडीत ३८९ घनइंचांचे, म्हणजे जवळजवळ ६.४ लिटरचे इंजीन बसवून ‘जीटीओ’ विक्रीस आणली. अशा गाड्यांना तिकडे ‘मसल कार’ म्हणतात. कारखान्याने स्वतः बांधलेल्या त्या गाडीबद्दलही तक्रार अशी होती, की इंजिनाच्या जोमापुढे तिचे ड्रम ब्रेक अपुरे पडतात. अभियंत्यांचा ताफा हाताशी असताना जे सुटले, ते एका मिस्त्रीच्या हातून सुटणे सहज शक्य आहे. तेव्हा तपासणाऱ्याने इंजिनाभोवतीच्या प्रत्येक जोडाला एकच प्रश्न विचारावा : इंजीन बदलले, तेव्हा तुझ्यात काय बदलले?

गाडी पाहायला सकाळी लवकर जावे आणि ‘सुरू करून ठेवू नका’ असे आदल्या दिवशीच सांगून ठेवावे. बॉनेट उघडून इंजिनाला हात लावावा. ते कोमट लागले, तर तुमच्या येण्याआधी कोणीतरी ते तापवून ठेवले आहे. थकलेले डिझेल इंजीन गरम असताना सहज सुरू होते. त्याचे खरे वय थंडपणी कळते. सुरू केल्यावर धुराकडे पाहावे. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे. पांढरा धूर निघत राहिला, तर अर्धवट जळलेले डिझेल किंवा आत झिरपणारे पाणी यांचा संशय घ्यावा. काळा धूर बहुधा नोझल, पंप वा एअर फिल्टरकडे बोट दाखवतो. मग ऑइल भरण्याचे झाकण काढावे. तेथून जोराने वाफारा येत असेल, तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत. ऑइलचा रंग दुधाळ असेल, तर त्यात पाणी मिसळले आहे. तेथून नमस्कार करून परतावे.

आता जोडांकडे वळू. त्या पेट्रोल इंजिनात आत घेतलेली हवा दाबून सुमारे सातव्या हिश्शावर आणली जाते; डिझेल इंजिनात ती त्याहून कितीतरी कमी जागेत कोंबली जाते. त्यामुळे डिझेलचे धक्के कडक आणि वजन जास्त. ते पेलणारी फाउंडेशनची रबरे व ब्रॅकेटे कोणत्या जाडीची आहेत, चेसीला वेल्डिंग केलेल्या जागी तडा गेला आहे का, पुढचे पाटे बसले आहेत का, हे खाली वाकून, बॅटरीच्या उजेडात पाहावे. दुसऱ्या घराण्याचे इंजीन जुन्या गिअरपेटीला जोडताना मध्ये पोलादी प्लेट घालावी लागते. इंजिनाच्या क्रँकशाफ्टचा आणि गिअरपेटीच्या शाफ्टचा मध्य तंतोतंत एका रेषेत आला नाही, तर क्लच पुन्हा पुन्हा जळतो, बेअरिंग ओरडते आणि चढावर गिअर आपोआप सुटतो. ही चूक उभ्या गाडीत दिसत नाही. चालवतानाच कळते.

सर्वांत महत्त्वाचा भाग ब्रेकचा, आणि नेमका तोच पाहण्याचे राहून जाते. जुन्या जीपमध्ये चारही चाकांना ब्रेकच्या तेलाचा एकच मार्ग असतो; एक नळी फुटली की चारही ब्रेक गेले. ज्या गाडीला व्हॅक्यूम बूस्टर आहे, तिचा धोका वेगळा. पेट्रोल इंजीन हवा ओढताना जी पोकळी निर्माण करते, तिच्यावर बूस्टर चालतो. बहुतेक डिझेल इंजिनांत ती पोकळी निर्माणच होत नाही, त्यासाठी स्वतंत्र पंप बसवावा लागतो. तो बसवला आहे का, याची परीक्षा सोपी आहे. इंजीन बंद असताना ब्रेक चार-पाच वेळा दाबावा, मग पाय दाबून ठेवूनच इंजीन सुरू करावे. पेडल किंचित खाली गेले, तर बूस्टर जिवंत आहे. ते जागचे हलले नाही, तर त्या गाडीत लेकरे बसवू नयेत.

चालवून पाहताना वेगाच्या काट्यावर विसंबू नये. ट्रॅक्टरच्या जातीचे इंजीन कमी फेऱ्यांचे असते. गाडी पळावी म्हणून काही मिस्त्री क्राउन-पिनियन बदलतात. काट्याची केबल मात्र गिअरपेटीकडून येते, त्यामुळे काटा खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवतो. अंबड रस्त्याला लागून मोबाइलमधील वेगाशी तो ताडून पाहावा.

आता कागद. चेसीवरचा आणि इंजिनावरचा असे दोन्ही क्रमांक डिझेलच्या बोळ्याने पुसून स्वतः वाचावेत व आर.सी.शी अक्षर-अक्षर जुळवावेत. घासलेला किंवा पुन्हा ठोकलेला क्रमांक दिसला, तर इंजीन चोरीच्या गाडीचे असू शकते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशिलाशी विसंगत बदल मालकाला करता येत नाही. मंजुरीने केलेल्या बदलाचीही माहिती १४ दिवसांत नोंदणी अधिकाऱ्याला द्यावी लागते. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने उत्पादकाच्या मूळ रचनेपासून फारकत घेणाऱ्या बदलांवर स्पष्ट बंधन घातले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. ‘नोंद नंतर करून घेऊ’ हे विकणाऱ्याचे आश्वासन म्हणूनच स्वीकारू नये. नोंद होण्याजोगी आहे की नाही, हे पैसे देण्यापूर्वी जालन्याच्या परिवहन कार्यालयात विचारून घ्यावे. अपघात झाला आणि क्रमांक जुळले नाहीत, तर विमा कंपनीला हरकत घेण्यास वाव मिळतो. भरपाईचा बोजा मग शेतावर येतो.

सर्व जुळले, तर नमुना २९ व नमुना ३० यांवर सह्या घ्याव्यात, कर्जाचा बोजा असल्यास नमुना ३५ मागावा. गाडी ताब्यात घेतल्याच्या पावतीवर तारखेबरोबर वेळही लिहावी, कारण त्या क्षणापूर्वी गाडीने काय केले त्याला तुम्ही जबाबदार नसता. त्याच जिल्ह्यातील व्यवहार असला तरी हस्तांतराची माहिती विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत द्यायची असते.