सल्लागार येतो तो कोणासाठी?

प्रश्न : आमच्या अंगणवाडीत साडेचार वर्षांचा एक मुलगा आहे. आईबाप ऊसतोडीला गेले की आजीजवळ राहतो आणि तेवढे महिने दुसऱ्या लेकरांना चावतो. पालक भांडायला येतात. घरी गेल्यावर माझी चिडचिड माझ्याच लेकरांवर निघते. परदेशात बालवाडीच्या बाईंकडं मानसिक आरोग्याचा सल्लागार येतो म्हणे. तो तपासतो कोणाला, मुलाला की बाईला?
– एक अंगणवाडी सेविका, ता. मुखेड, जि. नांदेड

उत्तर : ताई, कोणालाच नाही. तो येऊन सतरंजीवर बसतो, पाहतो आणि तुमच्याशी बोलतो. ही रीत जेराल्ड कॅप्लन या मानसोपचारतज्ज्ञांनी घडवली. दुसऱ्या महायुद्धानंतर इस्रायलमध्ये स्थलांतरितांची हजारो मुलं वसतिगृहांत होती आणि तज्ज्ञ मोजकेच. प्रत्येक मुलाला गाठणं शक्यच नव्हतं, म्हणून ते मुलांना रोज सांभाळणाऱ्यांशीच बोलू लागले. १९७० साली त्यांनी यावर पुस्तक लिहिलं. मुलं फार आणि तज्ज्ञ थोडे, ही अडचण मुखेडला काही नवीन नाही.

यातल्या बलस्थानांवर भर देणाऱ्या पद्धतीत सल्लागार ‘तुमचं काय चुकतं?’ असं विचारतच नाही. ‘हा कोणत्या दिवशी चावला नाही?’ असं विचारतो. समजा तुम्हाला आठवलं, की मंगळवारी मदतनीस ताई रजेवर होत्या, तुम्ही त्याच्या हाती ताटल्या दिल्या, त्यानं सगळ्यांना वाटल्या आणि मग निमूट खिचडी खाल्ली. पुढचा प्रश्न येतो, ‘हे त्यालाच सांगावं असं तुम्हाला का वाटलं?’ तुम्ही म्हणता, ‘रांगेत उभं राहिलं की बिथरतो, म्हणून.’ म्हणजे खोड कुठं सुरू होते हे तुम्ही आधीच हेरलं होतं, फक्त कुणी विचारलं नव्हतं. आता ताटल्यांचं काम रोज त्याचं. बाहेरून आणलेला उपाय चार दिवसांत विरतो. हा तुमचाच, म्हणून टिकायची शक्यता जास्त.

याचा पडताळा काय? अमेरिकेत वॉल्टर गिलियम यांनी २००५ साली ४० राज्यांतल्या पूर्वप्राथमिक वर्गांची पाहणी मांडली. लहानग्यांना वर्गातून काढून टाकण्याचं प्रमाण तिथं मोठ्या मुलांच्या शाळांतल्या प्रमाणाच्या तिपटीहून जास्त निघालं. जिथं शिक्षिकेला असा सल्लागार मिळत होता, तिथं ते कमी होतं.

एक मात्र करा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं, तेव्हा या मुलाचं ऐकणं-बोलणं नीट तपासून घ्या. शब्द फुटत नाही तेव्हाही मूल चावतं. आणि तुमच्या चिडचिडीसाठी १४४१६ हा टेली-मानसचा मोफत क्रमांक आहे, मराठीतून बोलता येतं. तो फक्त ‘पेशंट’ लोकांसाठी नाही.

प्रश्न : सेविकेला असा सल्ला देणं हे तर पर्यवेक्षिकेचंच काम. वेगळा माणूस कशाला?
– निवृत्त शिक्षक, औसा, जि. लातूर

उत्तर : गुरुजी, मार्गदर्शन तिनं करायचं, हे खरंच. पण २ ऑक्टोबर १९७५ला सुरू झालेल्या अंगणवाडीच्या योजनेत सेविका, मदतनीस, पर्यवेक्षिका, प्रकल्प अधिकारी अशी उतरंड आहे. सल्लागाराचं पद नाही. पर्यवेक्षिका येते ती वजनं, रजिस्टरं आणि पोषण ट्रॅकर अ‍ॅपमधल्या नोंदी बघायला. जिच्या शेऱ्यावर आपलं बरंवाईट ठरतं, तिच्यापुढं ‘हे लेकरू मला नकोसं होतं’ असं कोणती सेविका म्हणेल? कॅप्लन यांची अटच होती, की सल्लागाराचा समोरच्यावर अधिकार नसावा.

बलस्थानांच्या नावाखाली ओझं झाकायचंही कारण नाही. २०२१मध्ये सेविकांनी हँग होणारे सरकारी मोबाइल परत केले, ते काही मन कमकुवत होतं म्हणून नव्हे. २०२४मध्ये लाडकी बहीण योजनेचे अर्जही, प्रत्येकी ५० रुपयांच्या बोलीवर, त्यांच्याच पदरात पडले. अशा बाईचं कौतुक जरूर करा, पण आधी तिची कामं कमी करा.

नवं पद येईल तेव्हा येईल. तोवर पर्यवेक्षिकेच्या हाताखालच्या सेविकांच्या बीट बैठकीत शेवटची वीस मिनिटं रजिस्टरं मिटून एकाच मुलावर बोलता येईल. अनुभवी सेविकेनं प्रश्न विचारावेत, बाकीच्यांनी आपल्याला काय जमलं ते सांगावं. पर्यवेक्षिका मॅडमनी तेवढा वेळ पेन खाली ठेवावा.