गाठ, मणी आणि मजुरी

माझं माहेर रोह्याचं, सासर पेणचं. दोन्हीकडे बायकांचे हात कधी रिकामे नसतात. पेणमध्ये कुणी पापड-मिरगुंडं करतं, कुणी गणपतीच्या मूर्तींना खडे लावतं. मी मण्यांचे दागिने करते: माळा, तन्मणी, हळदीचे सेट, गौरीचे दागिने, संक्रांतीला हलव्याचे. शिकायला येणाऱ्या मुलींना आणि सुनांना जे सांगते, तेच इथे लिहिते आहे.

१. पहिला खर्च दोऱ्यावर करा. गिऱ्हाईक रंग बघून माळ उचलतं, पण टिकते ती दोऱ्यामुळे. आपल्याकडे तंगूस कुठेही मिळतो. स्वस्त असतो, दिसत नाही, सुईही लागत नाही, म्हणून बहुतेक जणी त्याच्यावरच हात बसवतात. शिकण्यापुरता ठीक आहे. पण वजनानं तो लांबतो, काही काळानं पिवळा पडून कडक होतो आणि गुळगुळीत असल्यामुळे गाठ सुटते. जड काचेच्या मण्यांना गियर वायर घ्या आणि टोकांना दाबायचे लॉक लावा. मोत्यांना रेशीम किंवा पीळदार नायलॉनचा दोरा हवा, आणि दर दोन मोत्यांच्या मध्ये गाठ. गाठीमुळे मोती एकमेकांवर घासत नाहीत आणि सर तुटलाच तर एखादाच मोती घरंगळतो, बाकीचे जागेवर राहतात. ही गाठ अशी मारायची: गाठ सैल ठेवून तिच्यात सुई घालायची, सुईनं गाठ सरकवत थेट मोत्याला टेकवायची, मग सुई हळूच काढून घेत दोरा ओढायचा. घाई केली की मध्ये फट राहते. ही गाठ जमेपर्यंत मी कुणाला खरे मोती हातात देत नाही.

२. निवडल्याशिवाय ओवायला बसू नका. आपल्या बाजारातले काचेचे मणी बरेचसे उत्तर प्रदेशातून येतात. फिरोजाबाद आणि हाथरस जिल्ह्यातलं पुरदिलनगर ही त्यांची मोठी गावं. हातकामाचा माल असल्यामुळे एखादा मणी चपटा, एखाद्याचं भोक अर्धं बुजलेलं असतं. ताटात पांढरं फडकं घालून तांदूळ निवडावे तसे ते निवडावे लागतात. मियुकी आणि तोहो हे जपानी मणी महाग आहेत, पण एकसारखे असतात. सपाट विणीच्या पट्ट्यांना तेच घ्या, नाहीतर कडा वाकडी येते. नंबर वाढतो तसा मणी लहान होतो हे लक्षात ठेवा: ११ नंबरचा साधारण २ मिलिमीटर, ८ नंबरचा ३ मिलिमीटरच्या आसपास.

३. खरेदी जपून करा. पनवेलला हार्बरची लोकल पकडून मुंबईत मशीद स्टेशनला उतरलं की अब्दुल रहमान स्ट्रीट जवळ, पुढे भुलेश्वर. तिथे भुलायला होतंच. एका डिझाइनला लागणारे मणी एकाच वेळी, थोडे जास्तच घ्या, कारण पुढच्या खेपेला तोच रंग हुबेहूब मिळत नाही. लाल, गुलाबी, जांभळे मणी ओल्या पांढऱ्या फडक्यात रात्रभर गुंडाळून ठेवा. सकाळी फडक्यावर डाग दिसला तर ते मणी वापरू नका. हळदीच्या दिवशी नवरीला घाम येणारच.

४. इथली हवा खारी आहे. पेणला खाडी, खारेपाट, मिठागरं, त्यात चार महिने पाऊस. पितळेवरचं पॉलिश आपल्याकडे लवकर काळवंडतं. तयार दागिना बंद पिशवीत, सिलिका जेलच्या पुडीसोबत ठेवा. कानातल्याची तार मात्र चांदीची किंवा चांगल्या स्टीलची लावा. हलक्या धातूतल्या निकेलमुळे पुष्कळ जणींचे कान चिघळतात.

५. मंगळसूत्राचं काम आलं की बाकी सगळं बाजूला. “मंगळसूत्र वाढलंय गं” म्हणत बाई दारात येते, तेव्हा तिचा जीव त्या वाट्यांत अडकलेला असतो. टॉवेल पसरायचा, काळे मणी, सोन्याचे मणी, वाट्या तिच्यासमोर मोजायच्या आणि तिच्यासमोरच गाठवून द्यायचं. दागिना रात्रभर घरी ठेवून घ्यायचा नाही. पटवेकऱ्यांचा हा पिढीजात धंदा होता, आणि त्यांचं दुकान विश्वासावर चालायचं. आता गाठवणारे कमी झालेत. म्हणून हे काम मुलींनी शिकावं असं मला मनापासून वाटतं. नथ, कुडी कुणीही विकतं, नीट गाठवून देणारं माणूस शोधावं लागतं.

६. बाप्पाची कंठी हलकी हवी. शाडूच्या मूर्तीचा रंग ओल्या बोटानंसुद्धा निघतो, हात नाजूक असतात. मूर्तीच्या गळ्याचं माप दोऱ्यानं घ्या आणि कंठी मागून बांधायची करा, डोक्यावरून घालायची नको. विसर्जनाआधी ती उतरवायची, हे गिऱ्हाइकाला आठवणीनं सांगा. काच आणि प्लास्टिक नदीत जाता कामा नये.

७. मजुरी धरा. हे सगळ्यांत जास्त वेळा सांगावं लागतं. मण्यांच्या कामात सामान स्वस्त आणि वेळ महाग, म्हणून ‘सामानाच्या दुप्पट किंमत’ हा हिशेब इथे चालत नाही. मोठे मणी ओवून केलेली माळ अर्ध्या तासात होते. तेवढ्याच पैशांचे ११ नंबरचे मणी विणून पट्टा करायचा तर दोन दिवस मान मोडते. दोन्हींची किंमत सारखी कशी असेल? १९५९ साली गिरगावात सात बायकांनी लिज्जत सुरू केलं. तिथे पापड लाटणाऱ्या बहिणीला वणाई मिळते, किलोच्या हिशेबानं. लाटणं हे काम आहे आणि त्याला दर आहे, हे तिथे कुणाला पटवून द्यावं लागत नाही. मग मणी ओवणारीनं “घरीच तर करते” म्हणून मजुरी का सोडावी? सुरू केल्याची वेळ आणि संपल्याची वेळ वहीत लिहा. तेवढ्या वेळात पापड लाटून किंवा भातलावणीला जाऊन जे मिळालं असतं, त्यापेक्षा कमी धरू नका. मुंबईच्या फेरीचं गाडीभाडंही त्यात घाला. नात्यातल्या बाईला सवलत द्यायची असेल तर जरूर द्या, पण वहीत पूर्ण किंमत लिहून मग वजा करा, म्हणजे आपण काय दिलं ते आपल्याला कळतं.

८. हलव्याचे दागिने डिसेंबरअखेरीला करायला घ्या. तेव्हा हवा कोरडी असते. आधी केले तर हलव्याला ओल सुटते. दाण्याला भोक नसतं, म्हणून दोन दोऱ्यांच्या गाठीत एकेक दाणा अडकवत जायचं. नव्या सुनेच्या हारासाठी, मुकुटासाठी पुठ्ठा आणि तार चालते. बोरन्हाणाच्या दागिन्यांना मात्र तार, टाचणी, काचेचा मणी काही लावू नका. सुती दोरा आणि मैद्याची खळ एवढंच वापरा, कारण रथसप्तमीपर्यंत घरोघरी बोरन्हाणं चालतात आणि बाळ पहिल्यांदा हातातला वाळा तोंडात घालतं.